पाचला न्यूयॉर्कचे ऑफिस बंद होते आणि शिकागोचे टर्मिनल रखडतात: बायसिंक लाइनवरचा रोजचा दोष

तक्रार साधारण अशी असते. दिवसभर टर्मिनल व्यवस्थित चालतात. संध्याकाळी एका ठराविक वेळेनंतर एंटर दाबले की कधी लगेच उत्तर येते, तर कधी तीन-चार सेकंद पडदा ढिम्म हलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपोआप सुरळीत होते. मोडेम बदलून झाला, टर्मिनल बदलून झाले, टेलिफोन कंपनीने लाइन तपासून ठीक असल्याचे सांगितले. संध्याकाळ झाली की पुन्हा तेच.

हा दोष आयबीएम ३६० आणि ३७० च्या काळातला, म्हणजे दूरच्या शाखांतले टर्मिनल भाड्याच्या टेलिफोन लाइनवरून मेनफ्रेमला, म्हणजे कंपनीच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाला, जोडले जात तेव्हाचा. त्या लाइनवर बोलण्याच्या नियमांना बायसिंक म्हणत. पुण्यात किंवा मुंबईत बसून अमेरिकी कंपन्यांचे मेनफ्रेम सांभाळणाऱ्यांना ३२७० हा, आयबीएमच्या पडद्यावाल्या टर्मिनलच्या मालिकेचा, आकडा रोजचा आहे. आता तो हिरवा पडदा टीसीपी-आयपीवरून येतो, त्यामुळे त्यामागची मूळ यंत्रणा फारशी कोणी पाहिलेली नसते. जुन्या मॅन्युअलमधले ट्रेस, म्हणजे लाइनवरच्या बोलण्याच्या नोंदी, वाचायची वेळ आली, किंवा एम्युलेटरवर जुनी सिस्टम उभी करायची हौस आली, की मात्र हा दोष समजून घ्यावाच लागतो. आणि तो फक्त जुन्याच यंत्रांचा आहे असेही नाही, पण ते पुढे.

आधी एक घोळ मिटवू. 'कंट्रोल युनिट' नावाची यंत्रे या साखळीत दोन ठिकाणी असतात. मेनफ्रेमच्या बाजूला ट्रान्समिशन कंट्रोल युनिट: २७०१, २७०२ किंवा २७०३. शाखेच्या बाजूला ३२७१, ज्याला एकापासून ३२ पर्यंत टर्मिनल आणि प्रिंटर जोडता येतात. खाली मी पहिल्याला २७०३ आणि दुसऱ्याला क्लस्टर म्हणतो.

२७०३ नेमके काय करायचे

कमी. हेच पहिले लक्षात घ्या. लाइनवरून एकेक बिट येतो, त्यांचा आठ बिटांचा कॅरॅक्टर बांधायचा आणि तो मल्टिप्लेक्सर चॅनेलवरून, म्हणजे अनेक संथ यंत्रांच्या सामाईक मार्गावरून, मेनफ्रेमच्या मेमरीत टाकायचा. जाताना उलटे. प्रत्येक लाइनला चॅनेलवर स्वतःचा सबचॅनेल असतो. २७०१ वर चारच लाइन बसत, पण त्या वेगवान. २७०२ वर ३१ पर्यंत. २७०३ वर टेलिटाइपसारख्या संथ लाइन १७६ पर्यंत बसत. या पेट्यांत प्रोग्राम नव्हता. संदेश साठवायला जागाही नव्हती. कॅरॅक्टर वेळेवर चॅनेलवर गेला नाही तर पुढचा येऊन त्याच्यावर बसे, आणि त्याला ओव्हररन म्हणत.

एवढ्या साध्या पेटीत तीन गोष्टी मात्र हार्डवेअरमध्ये पक्क्या होत्या. कंट्रोल कॅरॅक्टर ओळखणे, म्हणजे संदेश कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळणे. ब्लॉकच्या शेवटी येणारी तपासणीची बेरीज पडताळणे. आणि तिसरी, आपल्या कामाची, म्हणजे घड्याळ. उत्तराची वाट पाहायला लागल्यापासून तीन सेकंदांत लाइनवर काही आले नाही, तर २७०३ चॅनेलला 'युनिट चेक', म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण, देऊन काम सोडते, आणि कारण सांगणाऱ्या सेन्स बाइटमधला शेवटचा बिट, टाइमआउटचा, चालू असतो. सेन्स ०१. हा आकडा लक्षात ठेवा.

पोलिंग

एकाच लाइनवर पाच-सहा शहरांतले क्लस्टर टांगलेले असत. याला मल्टिड्रॉप म्हणत. प्रत्येक शहराला वेगळी लाइन घेणे परवडत नसे. या लाइनवर मेनफ्रेमचे बोलणे सगळ्यांना ऐकू जाते, सगळ्यांचे बोलणे मेनफ्रेमला ऐकू येते, आणि क्लस्टर एकमेकांना ऐकत नाहीत. म्हणून कोणीही आपणहून बोलायचे नाही. मेनफ्रेम नाव घेईल तेव्हाच बोलायचे. शाळेतल्या हजेरीसारखेच.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या बायसिंक, म्हणजे बायनरी सिंक्रोनस, नियमांत हे नाव घेणे ट्रेसमध्ये असे दिसते (आकडे हेक्समध्ये, एबसिडिक या आयबीएमच्या अक्षरांच्या कोडमध्ये):

होस्ट: ३२ ३२ ३७
होस्ट: ३२ ३२ ४० ४० ७एफ ७एफ २डी
क्लस्टर: ३२ ३२ ३७

३२ म्हणजे सिंक, दोन्ही बाजूंचे बिट जुळवायला. ३७ म्हणजे ईओटी, लाइन मोकळी. ४० हा शून्य क्रमांकाच्या क्लस्टरचा पोलिंगचा पत्ता, चूक होऊ नये म्हणून दोनदा. ७एफ म्हणजे 'तुझ्याकडच्या कोणाही टर्मिनलचे काही असेल तर'. २डी म्हणजे ईएनक्यू, प्रश्न. क्लस्टरकडे काही नसेल तर तो ३७ पाठवतो: काही नाही, पुढे जा. असेल तर ३७ ऐवजी सरळ संदेशच सुरू होतो, २५६ कॅरॅक्टरपर्यंतच्या ब्लॉकमध्ये.

आता हिशोब करा. ४८०० बिट प्रतिसेकंदाच्या लाइनवर एका सेकंदात ६०० कॅरॅक्टर जातात. विचारायला भरतीचे कॅरॅक्टर धरून साधारण १५, म्हणजे २५ मिलीसेकंद. नकाराला पाचेक, म्हणजे ८ मिलीसेकंद. त्यात मोडेमला लाइनवर कॅरिअर, म्हणजे बिट वाहून नेणारा सूर, उभा करायला लागणारा वेळ धरा. एका क्लस्टरची विचारपूस सेकंदाच्या दहाव्या भागात उरकते. सहा क्लस्टर असतील तर फेरी ०.६ सेकंदाची. शाखेतल्या माणसाला हे जाणवतही नाही.

आता त्या सहांपैकी एका शाखेत कोणीतरी घरी जाताना क्लस्टरची वीज बंद केली.

त्या क्लस्टरकडून 'काही नाही' हे उत्तरही येत नाही. २७०३ चे घड्याळ पूर्ण तीन सेकंद चालते. ०.६ ची फेरी साडेतीनच्या वर जाते. दोन शाखा बंद झाल्या तर साडेसहाच्या आसपास, तीन झाल्या तर साडेनऊ. ही वाढ जिवंत क्लस्टरच्या कामामुळे झालेली नाही. ते बिचारे पूर्वीइतकेच झटपट उत्तर देत आहेत. नकार स्वस्त असतो, गप्प बसणे तीसपट महाग पडते. बायसिंकमधला निम्मा त्रास या एका वाक्यात आला.

शीर्षकातले कोडे इथेच सुटते. समजा एका लाइनवर न्यूयॉर्क आणि शिकागो दोन्ही आहेत. न्यूयॉर्कमध्ये पाच वाजतात तेव्हा शिकागोत चार वाजलेले असतात. न्यूयॉर्कचे लोक शिस्तीने सगळी यंत्रे बंद करून निघतात, आणि शिकागोचे लोक दिवसाचा हिशोब मिटवण्याच्या ऐन घाईत रखडतात. तक्रार शिकागोहून येते म्हणून तंत्रज्ञ शिकागोला जातो. तिथे त्याला काहीही सापडणार नाही.

हाच दोष आहे हे कसे ओळखायचे

लाइन मॉनिटर, म्हणजे लाइनवरचे कॅरॅक्टर दाखवणारे यंत्र, असेल तर दोन मिनिटांचे काम आहे. ट्रेसमध्ये २डी नंतर तीन सेकंदांची पोकळी आणि लगेच नवीन ३७ दिसते का पहा. पोकळीच्या आधीचा पत्ता तो गुन्हेगार. शून्याचा ४०, एकचा सी१, दोनचा सी२, तीनचा सी३. मॉनिटर नसेल तर थोडी डोकेफोड करावी लागते, आणि इथेच बहुतेक लोक वाट चुकतात.

वाट चुकवणारी गोष्ट म्हणजे ३२७७ टर्मिनलचा भरलेला पडदा. २४ ओळी, ८० रकाने, म्हणजे १९२० कॅरॅक्टर. ४८०० च्या लाइनवर तो पाठवायला लागतात ३.२ सेकंद. टाइमआउट तीन सेकंदांचा. घड्याळ लावून बसलेल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. शेजारच्या शाखेत कोणी एकामागून एक पडदे उलटत बसला असेल, तर तेवढा वेळ लाइन त्याची असते, आणि तुमचे टर्मिनल हुबेहूब असेच थबकते.

फरक दोन ठिकाणी दिसतो. पहिला, गर्दीचा. पडद्यांमुळे होणारी कोंडी कामाच्या भरात वाढते आणि निवांत वेळी नाहीशी होते. टाइमआउट नेमका उलटा वागतो, निवांत वेळी तो जास्त उघडा पडतो. म्हणून लाइनवर कोणीही काम करत नसताना एका टर्मिनलवरून एखादा छोटा व्यवहार वरचेवर करून पहा. ३२७७ वर एंटर दाबल्यावर 'इनपुट इनहिबिटेड' दिवा लागतो, तो किती वेळ लागून राहतो ते पहा. लाइन रिकामी असूनही कधी अर्धा सेकंद, कधी दोन, कधी साडेतीन असे येत असेल तर कोणीतरी गप्प आहे. अनियमितपणा फसवा असतो. फेरी अगदी नियमित फिरत असते, तुमचा एंटर तिच्या कोणत्या टप्प्यावर पडला एवढाच प्रश्न. त्या क्लस्टरचा नंबर नुकताच होऊन गेला असेल तर लगेच उत्तर, तुमची पाळी त्याच्यानंतर असेल तर पूर्ण शिक्षा.

दुसरा फरक वेगाचा. लाइन २४०० ची असेल तर भरलेला पडदा ६.४ सेकंद घेतो. टाइमआउट मात्र तीनच सेकंद राहतो, कारण तो घड्याळाचा आहे, बिटांचा नाही. वेगवेगळ्या वेगाच्या दोन लाइन हाताशी असतील तर ही तुलना सगळ्यात खात्रीची.

मेनफ्रेमच्या बाजूला पाहायचे असेल तर त्रुटींचे आकडे काढा. बीटॅम हे लाइन सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रत्येक लाइनच्या एलईआरबी या त्रुटींच्या नोंदीत डेटा चेक (मजकूर बिघडून येणे), इंटरव्हेन्शन रिक्वायर्ड (यंत्र तयार नसणे) आणि मजकुराबाहेरचे टाइमआउट वेगवेगळे मोजले जातात. एलईआरपीआरटी मॅक्रोने ते छापून घेता येतात. टाइमआउट भराभर वाढत असतील आणि डेटा चेक जवळजवळ शून्य असतील, तर लाइन स्वच्छ आहे. टेलिफोन कंपनीशी भांडू नका.

ऑटो पोल असलेल्या यंत्रणेत आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. त्यात पोलिंगची यादी मेमरीत असते आणि २७०३ ती आपणच चालवते. नकार आला की पुढच्या पत्त्यावर, तोही नकार देतो, पुढे. प्रोसेसरला या हजारो नकारांचा पत्ताच नसतो, त्याचे लक्ष वेधणारा इंटरप्ट येत नाही. त्यामुळे लाइन दिवसभर निवांत असल्यासारखी दिसते. इंटरप्ट येतो तो एक तर खरा संदेश आला म्हणून, नाही तर कोणी गप्प राहिला म्हणून. रिकाम्या लाइनवर दर साडेतीन सेकंदांनी सेन्स ०१ घेऊन इंटरप्ट येत असेल, तर पुढे शोधायचे काही उरले नाही.

यासारखे दिसणारे पण वेगळे दोष

सगळेच्या सगळे क्लस्टर एकदम बंद पडले आणि तीन सेकंदांनीही सुटत नाहीत: एखाद्या शाखेतला मोडेम बोलणे संपल्यावरही कॅरिअर सोडत नाहीये. याला स्ट्रीमिंग म्हणतात. त्याच्या कुजबुजीत बाकीच्यांची उत्तरे बुडतात. उपाय म्हणजे टेलिफोन कंपनीच्या ब्रिजवर, म्हणजे सगळ्या शाखांच्या लाइन जिथे जुळतात तिथे, एकेक शाखा तोडून पाहणे.

एकाच पत्त्यावर टाइमआउट आणि डेटा चेक दोन्ही येतात, बाकी ठीक: दोन क्लस्टरना चुकून एकच पत्ता लावलेला असतो आणि दोघेही एका हाकेला उत्तर देतात. नवीन शाखा जोडल्याच्या दुसऱ्या दिवशी हे हमखास पाहावे.

शाखेतून टाइप केलेले मेनफ्रेमपर्यंत पोहोचते, पण मेनफ्रेमने आपणहून पाठवलेले शाखेत पोहोचत नाही: ३२७१ चा पोलिंगचा पत्ता आणि सिलेक्शनचा पत्ता वेगळे असतात. शून्य क्रमांकाच्या क्लस्टरला विचारायचे असेल तर ४०, पाठवायचे असेल तर ६०. एकला सी१ आणि ६१. दोनला सी२ आणि ई२. यादी लिहिताना कोणीतरी दोन्हीकडे एकच टाकलेला असतो.

उपाय

सगळ्यात स्वस्त उपाय शाखेतल्या माणसांच्या हातात आहे. घरी जाताना टर्मिनल बंद करा, क्लस्टर चालू ठेवा. टर्मिनल सगळे बंद असले तरी चालू क्लस्टर ७एफ च्या हाकेला नकार देऊ शकतो, आणि आपल्याला तेवढाच हवा आहे. क्लस्टरच्या स्विचवर एक चिठ्ठी चिकटवा. हा उपाय मॅन्युअलमधल्या कुठल्याही मॅक्रोपेक्षा जास्त गुणाचा आहे असे माझे मत. सफाई कामगारालाही सांगा.

दुसरा, यादीतून त्या नोंदीला तात्पुरते वगळणे. बीटॅममध्ये सीएचजीएनटीआरवाय मॅक्रो याचसाठी आहे, नोंद पुसायची नाही, फक्त ओलांडून जायचे. बीटॅमऐवजी व्हीटॅम असेल तर ऑपरेटरने त्या क्लस्टरला व्हॅरी आदेशाने निष्क्रिय करायचे. ज्यांनी आपला प्रोग्राम जरा विचार करून लिहिला होता, ते दोन-तीन टाइमआउट लागोपाठ आले की तो क्लस्टर एका वेगळ्या, संथ यादीत टाकत आणि काही मिनिटांनी एकदाच त्याला हाक मारून पाहत. मला हाच मार्ग योग्य वाटतो. ऑपरेटरच्या आठवणीवर विसंबून राहू नये.

यादी पाहताना एक गोष्ट तपासा. गर्दीच्या शाखेला जास्त पाळ्या मिळाव्यात म्हणून तिचा पत्ता यादीत दोन-तीनदा लिहिण्याची पद्धत होती. चांगली पद्धत आहे. पण तीच शाखा संध्याकाळी बंद झाली की प्रत्येक फेरीत तीनदा तीन सेकंद जातात. अशा वेळी एकच नोंद वगळून 'काही फरक पडला नाही' म्हणणारे असतात. सगळ्या नोंदी वगळा. शिवाय सॉफ्टवेअरमध्ये पुनर्प्रयत्नांचा आकडा किती आहे तेही पहा. प्रत्येक पुनर्प्रयत्नाला पुन्हा तीन सेकंद पडतात.

टाइमआउट कमी करावा हा मोह सगळ्यांना होतो. २७०३ मध्ये ते हार्डवेअरचे घड्याळ आहे, तिथे प्रश्न मिटतो. १९७२ मध्ये ३७०५ आले आणि हे काम प्रोग्रामच्या हातात गेले. ३७०५ च्या पोटात स्वतःचा प्रोसेसर, आणि त्यावर चालणारा नेटवर्क कंट्रोल प्रोग्राम, एनसीपी. पोलिंग मेनफ्रेमच्या बाहेर गेले, आणि उत्तराची वाट किती पाहायची हे रिप्लायटीओ या ऑपरंडने ठरवता येऊ लागले. (ज्यांना जुने सॉफ्टवेअर बदलायचे नव्हते त्यांच्यासाठी ३७०५ वर एम्युलेशन प्रोग्राम होता. तो मेनफ्रेमला २७०१, २७०२, २७०३ असल्याचे भासवायचा. म्हणजे नवीन पेटी घेऊनही हा दोष तसाच राहिलेल्या जागा होत्या.) तर आकडा कमी करता येतो, पण किती? सॅटेलाइटवरून जाऊन येणाऱ्या लाइनवर अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात जातो. मोडेमचा वेळ वेगळा. वाट पाहणे फार कमी केले तर जिवंत क्लस्टरचे उशिरा आलेले उत्तर पुढच्याला मारलेल्या हाकेवर येऊन आदळते, आणि मग डेटा चेक सुरू होतात जे आधी नव्हतेच. एक दोष घालवून दुसरा ओढवून घेतला. गप्प क्लस्टरला यादीतून काढा, घड्याळाला हात शेवटी लावा.

पडद्यांची कोंडीही सोबत असेल तर तिचा उपाय अॅप्लिकेशन प्रोग्राममध्ये आहे, लाइनमध्ये नाही. दरवेळी अख्खे १९२० कॅरॅक्टर पाठवू नका. ३२७० च्या डेटा स्ट्रीममध्ये 'सेट बफर अॅड्रेस' आहे, बदललेल्या जागेवर थेट जाऊन तेवढेच लिहायचे. एकाच अक्षराची रांग हवी असेल तर 'रिपीट टू अॅड्रेस' आहे. येताना टर्मिनल 'रीड मॉडिफाइड'ने फक्त बदललेली फील्ड, म्हणजे पडद्यावरच्या भरायच्या जागा, पाठवतेच.

कारखान्यात काम करणाऱ्यांना वाचताना ओळखीचे वाटले असेल. चाकण-भोसरीकडे एका आरएस-४८५ वायरीवर वीस एनर्जी मीटर टांगलेले असतात, मॉडबस या अशाच हाक-उत्तराच्या नियमांवर. एक मीटर जळाला की स्काडावरचे, म्हणजे देखरेखीच्या पडद्यावरचे, बाकीचे एकोणीस आकडे आळसावतात, आणि लोक केबल बदलतात. तिथेही आधी कोण गप्प आहे ते शोधा.

रात्रीचा प्रसारण संदेश

हे वेगळे लिहितो, कारण यात लाइन मिनिटभर नव्हे, त्याहून जास्त अडकते. ऑपरेटर सात वाजता सगळ्या टर्मिनलना संदेश पाठवतो, 'सिस्टम अर्ध्या तासात बंद होईल'. सिलेक्शन प्रत्येक टर्मिनलचे स्वतंत्र करावे लागते. बंद क्लस्टरवर ३२ टर्मिनल नोंदवलेले असतील तर ३२ वेळा हाक, ३२ वेळा तीन सेकंद: ९६ सेकंद. पुनर्प्रयत्न दोन असतील तर जवळपास पाच मिनिटे. एवढा वेळ त्या लाइनवरचे चालू टर्मिनल मेल्यासारखे पडून राहतात, आणि संदेश त्यांच्यापर्यंत कधी पोहोचतो? यादीत ते बंद क्लस्टरच्या नंतर असतील तर सगळ्यात शेवटी. प्रसारणाचा प्रोग्राम वगळलेल्या नोंदींची तीच खूण पाहतो का, हे तपासा. पुष्कळदा पोलिंगची यादी एकीकडे आणि टर्मिनलचा तक्ता दुसरीकडे असतो, आणि दोघांना एकमेकांचे काही माहीत नसते.

संध्याकाळी क्लस्टर वगळण्याची सोय केलीत तर सकाळी तो परत घेण्याची सोयही त्याच दिवशी करा. ३२७१ आपणहून बोलत नाही. सकाळी शाखेत दिवे लागतात, टर्मिनलवर कर्सर दिसतो, माणूस टाइप करून एंटर दाबतो, आणि 'इनपुट इनहिबिटेड' लागतो तो लागूनच राहतो, कारण त्याला कोणी विचारतच नाही. संथ यादी असेल तर काही मिनिटांत सुटका होते. नसेल तर सकाळच्या पाळीच्या ऑपरेटरच्या कामांत शाखा उघडण्याच्या आधीची वेळ घालून नोंद सक्रिय करण्याचा आदेश लिहून ठेवा, आणि वेळ लिहिताना ती शाखेच्या घड्याळाची लिहा.